अकरा वाजून दहा मिनिटं

१

टायपिंगमास्तर शनिवारी सकाळी गेले. सोमवारी दहाच्या सुमाराला त्यांची मुलगी त्यांचा फोन घेऊन बाजारातल्या डायलिसिस केंद्रात आली. ती रडली नाही की ओरडली नाही. तिने फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "हे कुणी पाठवलं तेवढं सांगा. मी बसते."

फोनवर गुरुवारी दुपारी एक वीसला आलेला मेसेज होता. 'आपली शुक्रवारची वेळ बदलली आहे. केंद्र : टेकडी. वेळ : ११.१०.'

मास्तर वर्षभर सोमवार, बुधवार, शुक्रवार याच केंद्रात यायचे, तेही अकराच्या ठोक्याला. शुक्रवारी ते मेसेजबरहुकूम टेकडीवर गेले. तिथल्या केंद्राला कुलूप होतं. पायरीवर दीड तास बसून ते केंद्राचा नंबर फिरवत राहिले आणि फोन शटरच्या आत वाजत राहिला. शेवटी थकून ते घरी परतले. बुधवारची पाळी तापामुळे आधीच बुडाली होती, आता शुक्रवारचीही बुडाली. ज्याची मूत्रपिंडं बंद पडलेली आहेत, त्याला एवढं पुरतं.

"मी म्हटलं होतं, बाबा, आधी विचारून घ्या," मुलगी म्हणाली. "तर म्हणाले, छापून आलंय, विचारायचं काय त्यात?"

काउंटरमागे उभ्या असलेल्या कॅलेंडरबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. तीन केंद्रांच्या तीन रजिस्टरांचं एक कॅलेंडर त्यांनीच करून दिलं होतं आणि ते सुरू होऊन पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. मोठ्या इस्पितळात वीस वर्षं लोकांना तारखा देण्यात घालवलेल्या या बाईंची जीभ तिखट होती आणि नजर त्याहून तिखट. पण आत्ता दोन्ही कामाला येईनात.

तिन्ही केंद्रांचे मालक, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, त्यांनी बाईंना आत बोलावलं. "एक तर तुमचं कॅलेंडर खोटं बोलतंय, नाहीतर माझं कुणीतरी माणूस. उद्या अकराला मीटिंग. मला नाव पाहिजे."

"आणि नाही मिळालं तर?"

"मास्तर बाजारातल्या केंद्राचे पेशंट होते. बाजारातल्या काउंटरवर जी बसते तिचं नाव मी पोलिसांत देईन. मला कुणाचं तरी द्यावंच लागेल."

बाजारातल्या काउंटरवर बाईंची भाची बसत होती.

२

ही भाची म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर नऊ वर्षांची होती, आता चोवीस. मधली सगळी वर्षं तिला बाईंनीच वाढवलं आणि ही नोकरीही बाईंच्याच शब्दावर लागली. त्यामुळे नाव शोधायचं म्हणजे या पोरीला सोडवायचं, असाच अर्थ बाईंनी घेतला. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

त्यांनी कॅलेंडरचा इतिहास उघडला. मास्तरांच्या नावापुढे गुरुवारच्या दोनच ओळी होत्या. गुरुवार, १.१८ : बाजार, शुक्रवार ११.०० ची नोंद पुसली. १.२० : टेकडी, शुक्रवार ११.१० ची नोंद केली. नोंद बदलली की पेशंटला मेसेज आपोआप जायचा. करणाऱ्याचं नाव दोन्हीकडे एकच होतं : 'काउंटर'.

आता हा 'काउंटर' कोण, ते कॅलेंडर सांगू शकत नव्हतं आणि त्याला कारण खुद्द बाई होत्या. अकरा माणसांची अकरा खाती करायला हवी होती. पण लोक पासवर्ड विसरतात, सारखे फोन करतात म्हणून बाईंनी पहिल्या महिन्यापुरतं सगळ्यांना मिळून एकच खातं देऊन टाकलं होतं. कंटाळा, दुसरं काही नाही.

तरी एक गोष्ट हाताला लागली. पुसलेली नोंद कचरापेटीत शाबूत होती आणि तिच्यात एक टीप होती. 'बुधवार चुकला. शुक्रवार कोणत्याही परिस्थितीत घेणे.' टेकडीच्या नव्या नोंदीत ही टीप नव्हती. नोंद नुसती सरकवली असती तर टीप तिच्याबरोबर गेली असती. म्हणजे कुणीतरी जुनी नोंद पुसून नवी स्वतःच्या हाताने लिहिली होती, केंद्र, वार, वेळ, सगळं.

गुरुवारी त्या वेळेला तीन केंद्रांच्या काउंटरवर तीनच माणसं होती. बाकीची जेवायला गेली होती. बाईंनी सुरुवात घरापासून केली.

"मी इथेच डबा खात होते," भाची म्हणाली. "मावशी, मी कशाला करू असं? म्हातारा बोलायचा मला, ते खरंय. आला की दर वेळी सगळ्यांसमोर म्हणायचा, काय, अजून दोनच बोटं? दहा दिलीत देवाने. मग सगळी रांग हसायची. आता टाइप करताना दोन बोटं वापरते म्हणून कुणी कुणाला मारतं का?"

"मारलं असं कोण म्हणालं?"

भाचीने डोळे मोठे केले. "तूच तशी बघतेयस."

बाईंनी नजर काढून घेतली. पोर घाबरलीय, दुसरं काय. आणि त्या टेकडीच्या रिक्षात बसल्या.

३

टेकडीचं केंद्र मशीनदादा चालवायचे. मशीनं तेच लावायचे, दुरुस्त करायचे आणि मदतनीस जेवायला गेला की काउंटरही तेच बघायचे. सहा फुटी माणूस, पण मास्तरांचं नाव काढताच स्टुलावर बसला.

"शुक्रवारी बंद का होतं?" बाईंनी विचारलं.

"पाण्याचा रिपोर्ट वाईट आला. वाईट पाणी मशीनला लावलं तर माणूस खुर्चीतच जायचा. मी लगेच दिवस बंद केला."

"रिपोर्ट किती वाजता आला?"

"गुरुवारी तीनला."

म्हणजे एक वीसला ज्याने मास्तरांना इथे पाठवलं, त्याला शटर बंद असणार हे माहीत नव्हतं. बाईंनी ते मनात टिपलं. "आणि शुक्रवारच्या पेशंटना कळवलं कुणी?"

"मीच. चौघांना फोन केले."

"मास्तर पाचवे होते."

दादांनी खिशातून जाडजूड डायरी काढली. तिची पानं औषधाच्या डागांनी कडक झाली होती. "यात चारच होते."

"डायरी कशाला? कॅलेंडर दिलंय ना तुम्हाला?"

"त्यावर लाल पट्टी मारली की मी. दिवस बंद, म्हणून. पण नावं आपली डायरीतूनच बघतो. सवय आहे."

पट्टी नोंदींच्या वरून बसते. तिच्याखाली मास्तरांचं नाव शुक्रवारभर पडून होतं आणि ते वाचायला कुणी पट्टी उचलली नाही. बाईंना या माणसाला झोडपून काढावंसं वाटलं. पण ज्या प्रश्नासाठी त्या आल्या होत्या तो वेगळा होता.

"दादा, तुम्ही मास्तरांना इकडे वळवलं का? अकरा दहाला?"

"अकरा दहाला?" दादांनी पहिल्यांदाच मान वर केली. "बाई, माझ्याकडे अकरा दहाला काय असतं? सात, अकरा आणि तीन. सगळी मशीनं एकदम सुरू होतात. दहा मिनिटं उशिरा येणाऱ्याला मी उभा करत नाही दारात. टेकडीवरचा कुणीही अकरा दहा लिहिणार नाही."

"मग कोण लिहील?"

दादा डायरीचं पान उगाच चाचपत राहिले. "मी नाव घेत नाही. पण वाजून दहा फक्त लिफ्टवाले लिहितात."

४

तिसरं केंद्र एका ऑफिसांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं आणि तिथली लिफ्ट एवढीशी होती, की चाकाची एक खुर्ची आत गेली की बाजूला फक्त लिफ्टमन मावायचा. तासाला पेशंट खाली जमायचे, मग एकेक करून वर यायचे आणि शेवटचा वर पोचेपर्यंत दहा मिनिटं जायची. म्हणून या केंद्रात सगळ्या वेळा वाजून दहालाच द्यायची पद्धत होती. ही पद्धत पाडली रजिस्टरताईंनी. अठरा वर्षं त्या तिथे बसत होत्या आणि रजिस्टर अंगाचाच भाग असल्यासारखं वागवत होत्या, त्यावरून हे नाव पडलेलं.

कॅलेंडर आलं तेव्हा सगळ्यात जास्त नाकं मुरडली ती ताईंनीच. भर मीटिंगमध्ये म्हणाल्या होत्या, "एक दिवस या यंत्रापायी माणूस मरेल, मग कळेल." हे वाक्य तिन्ही केंद्रांत सगळ्यांना पाठ होतं.

"मास्तरांच्या नोंदीतली टीप तुमची?" बाईंनी विचारलं.

"माझीच. बुधवारी ताप आल्याचा त्यांचा फोन माझ्याकडे आला. आजारपणाचे फोन इथेच येतात."

"म्हणजे शुक्रवार चुकला तर काय होईल, हे तुम्हाला सगळ्यांत जास्त माहीत होतं."

"म्हणून तर लिहिलं." ताईंचा आवाज चढला. "सरळ विचारा ना, काय विचारायचंय ते."

"गुरुवारी एक वीसला तुम्ही कुठे होता?"

दाराशी लिफ्टमन उभा होता. त्याने आधी ताईंकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि कुणी न बोलावता जिन्याकडे निघून गेला.

"इथेच," ताई म्हणाल्या.

"काउंटरवर?"

"इथेच म्हटलं ना. कितीदा सांगू?"

लोक खोटं बोलताना कसे दिसतात ते बाईंनी वीस वर्षं खिडकीतून पाहिलं होतं. पेशंट उपाशी आहे म्हणणारे, कालच आलो होतो म्हणणारे. ही बाई खोटं बोलत होती, यात शंकाच नव्हती. बाईंना हायसं वाटलं, आणि ते त्यांनी स्वतःपासून लपवलंही नाही.

५

मंगळवारी अकराला मोठ्या डॉक्टरांच्या टेबलाभोवती सगळे बसले. मास्तरांची मुलगी भिंतीशी खुर्ची ओढून बसली होती.

बाईंनी छान बोलायचं ठरवलं होतं आणि त्या छान बोलल्या. नोंद सरकवलेली नाही, हाताने लिहिलीय. लिहिणाऱ्याने वेळ घातली अकरा दहा. टेकडीवर वाजून दहा नसतं, बाजारात पेशंट रस्त्यावरून थेट आत येतो, तिथे वाजून दहाचं काही कारणच नाही. वाजून दहा हा लिफ्टच्या केंद्राचा हात आहे. घाईत माणूस केंद्र बदलतो, पण हात बदलत नाही. आणि त्या केंद्रात काउंटरला बसणारं माणूस एकच.

"मुद्दाम मारायला पाठवलं असं मी म्हणत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "टेकडी बंद राहणार हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पण कॅलेंडर घोटाळे करतं हे दाखवायचं कुणाला होतं, ते सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांनी रजिस्टरताईंकडे पाहिलं.

"अठरा वर्षांत मी कुणाची वेळ पुसली नाही," ताई म्हणाल्या.

"मग गुरुवारी एक वीसला काय करत होता?" डॉक्टरांनी विचारलं.

ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. त्याहून वाईट उत्तर देता आलं नसतं.

डॉक्टरांनी त्यांना तिथेच काढून टाकलं. पोलिसांचं वकिलाला विचारून ठरवू म्हणाले. मशीनदादांच्या डायरीबद्दल मात्र ते एक अक्षर बोलले नाहीत, कारण दादा गेले तर टेकडीची मशीनं चालवणार कोण. मास्तरांची मुलगी उठली, ताईंसमोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "माझे वडील तुमचं नाव फार मानाने घ्यायचे." ताईंना हे लागलं, सगळ्यांना दिसेल असं लागलं.

भाचीने टेबलाखालून बाईंचा हात घट्ट धरला. तिचा तळवा ओलाचिंब होता.

६

दुपारी बाई लिफ्टच्या केंद्राच्या किल्ल्या ताब्यात घ्यायला गेल्या. लिफ्टमनने दार ओढलं आणि त्यांच्याकडे पाठ केली. बाईंची नजर आतल्या भिंतीवरच्या दुरुस्तीच्या कार्डावर गेली. शेवटची ओळ ताजी होती. 'गुरुवार. बंद १२.५० ते १.४५.' खाली मेकॅनिकची सही.

"गुरुवारी लिफ्ट बंद होती?"

"होती."

"मग एकच्या पाळीचे पेशंट?"

लिफ्टमनने मधल्याच मजल्यावर लिफ्ट थांबवली. "आता ताई गेल्याच, तर सांगतो. एक आजोबा होते. परत पाठवायचे म्हणजे त्यांचीही पाळी बुडणार. ताई म्हणाल्या, उचलू. काउंटरला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली, आणि आम्ही दोघांनी त्यांना खुर्चीसकट तीन मजले वर आणलं. एकला सुरुवात केली, वर पोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. प्रत्येक वळणावर ताई पाणी पाजत होत्या."

"हे त्या बोलल्या का नाहीत?"

"मोठ्या डॉक्टरांचा हुकूम आहे. लिफ्ट बंद तर पेशंट परत. मागे एक जण जिन्यात पडला होता. कुणी उचलून आणला तर उचलणाऱ्याची नोकरी गेली. ताईंनी मला बजावलं होतं, तू तोंड उघडायचं नाही. मला दोन लेकरं आहेत, बाई."

बाईंनी त्याला लिफ्ट वर न्यायला सांगितली. त्या वर गेल्या, ताईंच्या खुर्चीत बसल्या आणि जे सोमवारीच करायला हवं होतं ते आत्ता केलं. त्यांनी बाजारातल्या केंद्राचं कॅलेंडर उघडलं.

जुन्या रजिस्टरातून आलेल्या वेळा सगळ्या तासाला होत्या. पण कॅलेंडर सुरू झाल्यावर नव्याने दिलेल्या वेळा तशा नव्हत्या. नऊ दहा, बारा दहा, चार दहा. एकतीस नोंदी, आणि एकूण एक वाजून दहाला. तळमजल्यावरच्या केंद्रात, जिथे लिफ्टच नाही. भाची पहिले तीन आठवडे काम शिकायला रजिस्टरताईंच्या हाताखाली होती, आणि तिला तिथे बाईंनीच पाठवलं होतं. वेळ अशीच लिहितात, एवढंच शिकून पोर परत आली होती, का ते न विचारता. सकाळी बाईंनी तीन केंद्रांचं तर्कशास्त्र मांडलं, पण बाजाराचं पान उघडलं नाही. उघडलं नाही, कारण उघडायचं नव्हतं.

बाजारात पोचल्या तेव्हा चार वाजले होते. काउंटरवर गर्दी नव्हती. बाईंनी भाचीला मागच्या सामानाच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"मास्तरांची नोंद तू बदललीस."

"एकदाच त्याला फिरवायचं होतं," ती म्हणाली. "टेकडी चढून जाईल, तिथे दादा म्हणतील, उशीर झाला. मग इथे येऊन आरडाओरडा करेल आणि मी सगळ्यांसमोर म्हणेन, मास्तर, कॅलेंडरवर असंच आहे. छापून आलंय. बस, एवढंच. त्याने बोलायचं आणि मी ऐकायचं, याच्याऐवजी एकदा उलटं."

"टीप वाचली नव्हतीस?"

"वाचली होती."

बाईंना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"ताईंची टीप होती ती, मावशी. त्यांना सगळंच कोणत्याही परिस्थितीत वाटतं. दर तिसऱ्या पेशंटला तेच लिहितात. मी म्हटलं, असेल." मग ती खाली बसली आणि बाईंच्या साडीत तोंड खुपसून रडायला लागली. ती मास्तरांसाठी रडत नव्हती, हे बाईंना स्पष्ट कळलं. "तू सांगणार आहेस का त्यांना?"

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. नऊ वर्षांची होती तेव्हा जसा फिरवायच्या, अगदी तसाच.

७

लिफ्टमन एकदा बोलला तर परत बोलेल. पण तो बोलला तर त्याची नोकरी जाणार होती, म्हणजे तो बोलणार नव्हता. कार्डावरची ओळ कुणी वाचत नाही. राहिल्या त्या बाजारातल्या एकतीस नोंदी. उद्या एखाद्या वकिलाने पान उघडलं, तर बाईंना दिसलं ते त्यालाही दिसणार.

भाचीला घरी पाठवून बाई तिच्या काउंटरवर बसल्या. सगळ्यांचं म्हणून दिलेलं ते खातं उघडलं, ज्यात करणाऱ्याचं नाव फक्त 'काउंटर' येतं. नऊ दहाचे नऊ केले. बारा दहाचे बारा. एकेक करून एकतीस वेळा दहा मिनिटं काढून टाकली. इतिहासात ओळी उमटत राहिल्या, पण त्याला उत्तर तयार होतं : ताईंच्या पद्धतीच्या वेळा होत्या, म्हणून सरळ केल्या. प्रत्येक बदलाबरोबर कुणाच्या तरी घरी फोन वाजत असणार. आपली वेळ बदलली आहे. कुणी विचारायला फोन केला नाही.

मग त्यांनी ते खातं बंद केलं आणि पहिल्याच दिवशी करायला हवी होती ती खाती करायला घेतली. अकरा होती, आता दहा लागणार होती. लिफ्टच्या केंद्रासाठी भाचीचं नाव घातलं. डॉक्टरांनी दुपारीच विचारलं होतं, आणि तिला तिथलं काम येत होतं.

सहाच्या सुमाराला बाईंचा फोन वाजला. रजिस्टरताई होत्या.

"बाई, कामात असाल तर नंतर करते."

"नाही. बोला."

"सकाळी सात दहाला त्या आजी येतात ना, त्यांना ऐकू येत नाही आणि मेसेज वाचता येत नाहीत. त्यांच्या शेजारणीला सांगावं लागतं. तो नंबर फक्त माझ्या रजिस्टरात होता. कॅलेंडरवर कुठे घालायचा ते मला कधी जमलं नाही. तुम्ही घालाल?"

"घालते. सांगा."

ताईंनी एकेक आकडा सावकाश सांगितला. बाईंनी लिहून घेतला. ताई फोन ठेवतील असं वाटलं, पण त्यांनी ठेवला नाही.

"तुमच्यावर माझा राग नाही हं," त्या म्हणाल्या. "मास्तरांसाठी कुणीतरी शोधायलाच हवं होतं. मी दुपारपासून आठवतेय. गुरुवारी मी थोडा वेळ काउंटरवर नव्हते, पण जायच्या आधी त्या यंत्राशी काहीतरी खटपट केली होती. टीप लिहिताना एकदा सगळं पुसलंही गेलं होतं माझ्याकडून, मग परत लिहिलं. वेळेचा मेळ बसत नाही. पण तुम्ही सगळं नीट मांडलंत, वाजून दहाचं वगैरे. ते तर माझंच आहे. वय झालं, बाई. केलंही असेल मी. माझ्या हातून असं होऊ शकतं का हो? तुम्हाला यंत्र कळतं, म्हणून विचारते."

समोर स्क्रीनवर ताईंचं नाव अजून यादीत होतं. बाईंनी ते काढलं.

"होतं असं, ताई," त्या म्हणाल्या, आणि नंबर बरोबर लिहिलाय ना म्हणून एकदा वाचून दाखवला.